डबल बेल

एसटीच्या छताला लागून एक दोरी जायची. मागच्या दारापासून थेट ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत, लोखंडी कड्यांतून ओवलेली, कंडक्टर लोकांच्या तळव्यांनी मधे मधे काळी आणि गुळगुळीत झालेली. तिच्या टोकाला, पुढे केबिनमध्ये, एक घंटी. दोरी एकदा ओढली की टण्, गाडी थांबायची. दोनदा ओढली की टण् टण्, गाडी निघायची. आम्ही पोरं त्याला ‘डबल बेल’ म्हणायचो, कंडक्टरही तेच म्हणायचे. विरार पूर्वेहून सुटलेली गाडी चंदनसारला यायची, तिथून शिरसाडला, मग हायवे ओलांडून मांडवीमार्गे वज्रेश्वरीला. वाटेत ‘हात दाखवा, गाडी थांबवा’, त्यामुळे ती दोरी सारखी हलतच असायची.

आता त्या दोऱ्या गेल्या. चंदनसारचा रस्ताही ओळखू येत नाही. जिथे पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची खाचरं तुडुंब भरलेली असायची तिथे सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि जीवदानीचा डोंगर बघायला आता गच्चीवर जावं लागतं. मी तक्रार करत नाही. त्या इमारतींपैकी एकीत मीही राहतो. पण तो आवाज मात्र कुठे हरवत नाही. रात्री कधीतरी खालच्या रस्त्यावर एखादी गाडी थांबते, तिचं इंजिन नुसतंच घुमत राहतं, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या वाट बघतो, की आता टण् टण् होईल.

खरं सांगायचं तर मला तो आवाजही तितका आठवत नाही जितका आठवतो त्याच्या नंतरचा अर्धा क्षण. पावसाळ्यातली संध्याकाळ, खिडक्यांच्या काचा चढवलेल्या, आत ओल्या छत्र्यांचा, रेनकोटच्या रबराचा आणि सीटखाली सरकवलेल्या मासळीच्या टोपलीचा मिळून झालेला एकच वास. बाहेर काळोख. मागच्या दारातून शेवटची बाई आपलं गाठोडं आधी, पोर नंतर आणि स्वतः सगळ्यांत शेवटी अशी वर चढते आहे. ड्रायव्हरला ती दिसत नाही. त्याला मागचं काहीच दिसत नाही. तो समोर बघत बसलेला असतो, हात गिअरवर, आणि सगळी गाडी त्याच्याबरोबर थांबून असते. मग दोन घंट्या. आणि त्या घंट्या आणि चाक हलणं यांच्या मधला तो अर्धा क्षण, ज्यात पन्नास माणसांचा जीव एका दोरीवर विसंबून असायचा आणि कुणालाही त्याचं काही वाटायचं नाही.

त्या अर्ध्या क्षणाने मला एका माणसापाशी नेलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्या लहानपणी ते पुण्यात होते, हयात होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या बैठ्या चाळीत टोकाच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ राहायचे. सारी चाळ त्यांना सॅपर आजोबा म्हणायची. सॅपर म्हणजे काय हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं. कुणाला वाटायचं ते त्यांचं आडनाव आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, आणि निवृत्तीनंतर गावची जमीन भावांत वाटली गेल्यावर ते मुलापाशी चंदनसारला आले होते. पहाटे उठून ते चाळीसमोरची गटारं स्वतः मोकळी करायचे. पावसाचं पाणी तुंबलं की नगरपालिकेच्या आधी आजोबा फावडं घेऊन हजर. बोलायचे कमी, पण एसटीत खिडकीशेजारी जागा मिळाली की मात्र खुलायचे. अशाच एका प्रवासात, कंडक्टरने डबल बेल दिली आणि गाडी हलली, तेव्हा ते वर दोरीकडे बघून म्हणाले, ‘‘आमच्या राणेसाहेबांच्या पण दोन दोऱ्या होत्या.’’

एवढंच. मग चंदनसार आलं आणि आम्ही उतरलो.

पुढे ती गोष्ट मी त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकली, आणि उरलेली मोठा झाल्यावर वाचून पुरी केली. राणेसाहेब म्हणजे रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. जन्म 26 जून 1918. वडील पोलिसात शिपाई, त्यामुळे बदल्यांमागून बदल्या आणि शाळांमागून शाळा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं; इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे, हा व्यवहार फार जुना. 1930 च्या आसपास गांधीजींच्या चळवळीचं वारं लागलं तेव्हा रामा जेमतेम बारा वर्षांचा, आणि पोरगं हाताबाहेर जातंय असं पाहून पोलिसातल्या बापाने बिऱ्हाडच चेंडियाला हलवलं. इंग्रजांविरुद्ध घोषणा देऊ पाहणारा तो मुलगा दहा वर्षांनी, 10 जुलै 1940 रोजी, इंग्रजांच्याच फौजेत भरती झाला. या वळणावर पुष्कळांना काहीतरी मोठं बोलावंसं वाटतं. मला वाटत नाही. त्या काळी कोकणातल्या, कारवारातल्या हजारो घरांतून मुलं अशीच बाहेर पडली. पोट होतं, धाकटी भावंडं होती, आणि खडकीला भरती चालू होती.

खडकीत तो सर्वोत्तम रंगरूट ठरला आणि कमांडंटची छडी त्याला मिळाली. मग ब्रह्मदेश. अराकानच्या चिखलात, जपान्यांपुढे माघार घेताना, मागे राहून दारूगोळ्याचे साठे नष्ट करायचं काम त्याच्या तुकडीकडे आलं. काम झाल्यावर नौदल त्यांना उचलणार होतं, ते जमलं नाही. मग नदी आपली आपण ओलांडून, जपानी पहारे चुकवून ही माणसं आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. सगळे पुढे गेल्यावर मागे राहायचं किंवा सगळे मागे असताना पुढे जायचं, सॅपरच्या नशिबात या दोनच जागा असतात. आजोबा म्हणायचे, ‘‘आम्ही गर्दीत कधी नसतो बघ.’’

त्यांनी एकदा आम्हाला सुरुंग शोधायला शिकवलं. हे मात्र मला अगदी डोळ्यांपुढे दिसतं. मे महिन्याची सुट्टी, चाळीमागची मोकळी जागा, नळाच्या सांडपाण्याने एका कोपऱ्यात नरम राहिलेली माती. आजोबांनी डालडाच्या डब्याचं झाकण आमच्या नकळत तिथे कुठेतरी पुरलं होतं. मोडक्या छत्रीची एक काडी त्यांनी हातात घेतली, आणि बनियन-लेंग्यानिशी सरळ जमिनीवर पालथे पडले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. काडी त्यांनी उभी धरली नाही. तिरकी, जमिनीशी जवळजवळ आडवी होईल इतकी तिरकी धरली आणि मातीत अलगद सरकवली. बोटभर. मग बाहेर. मग दोन बोटं बाजूला, पुन्हा आत. सुरुंग वरून दाबला की फुटतो, म्हणून त्याला वरून शिवायचं नसतं, कुशीतून शिवायचं असतं. काडीला काही टणक लागलं तर तिथेच थांबायचं, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, आणि मग बोटांनी, नुसत्या बोटांनी, भोवतालची माती सारत जायचं. त्यांची बोटं जाड होती, नखं तुटलेली, सांधे सुजलेले. पण मातीत शिरताना ती बोटं एखाद्या झोपलेल्या बाळाचं अंगडं सारावं तशी हलत होती.

आम्हाला तेवढा धीर कुठला? पहिल्यांदा आमच्यातल्या एकाने काडी खसकन खुपसली. आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘गेलास. उठ, आता पुढचा.’’ अशी आम्ही सगळी पोरं एकेक करून त्या सुट्टीत गेलो. झाकण शेवटी त्यांनीच काढलं. हात-दोन हात जागेतून एक झाकण काढायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात ऊन नळावरून भिंतीवर चढलं होतं.

ही गती मनात धरा, आणि मग एप्रिल 1948 कडे चला.

काश्मीरच्या युद्धात राजौरी नोव्हेंबर 1947 मध्ये शत्रूच्या हाती पडली होती, आणि तिथे अडकलेल्या माणसांचे हाल ऐकवत नव्हते. फेब्रुवारीत ब्रिगेडियर उस्मान यांच्या फौजेने नौशेरा राखलं, मार्चच्या मध्यावर झंगड परत घेतलं. आता नौशेराहून राजौरीला जायचं होतं. रस्ता एकच, डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत जाणारा. त्यावर सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट जातीचे रणगाडे न्यायचे होते, आणि शत्रूने तो रस्ता सुरुंगांनी पेरला होता, झाडं पाडून अडवला होता, मोऱ्या उडवून तोडला होता. रस्ता मोकळा करायचं काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे आलं. अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते.

8 एप्रिल. सव्विसाव्या मैलापाशी, सकाळी 11 च्या सुमारास, काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा आला. त्यांच्या तुकडीतले दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले. दुपारी साडेचारला डोग्रा पलटणीने बरवालीचं डोंगरशिखर जिंकलं. आजूबाजूला शत्रू अजून होता हे ठाऊक असून राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदू लागले. रात्री 10 पर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला पुन्हा सुरुवात. दुपारी 3 ला वळणरस्ता तयार. मग सगळ्यांत पुढच्या गाडीत बसून ते निघाले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडं आडवी. उतरले, सुरुंगाने उडवली, पुढे. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजले. पुढे मोरी उडवलेली, आणि वरून मशीनगन. वळण काढलं. पुढे. सव्वासहा वाजले, उजेड सरत आला, आणि समोर पाच मोठी झाडं, त्यांच्याभोवती सुरुंग, त्यांच्यावर मशीनगनचा पहारा. राणे सुरुंग काढायला लागलेच होते. पण फौजेच्या प्रमुखाने ताफा रात्रीपुरता थांबवला.

10 एप्रिल, पहाटे पावणेपाच. पुन्हा तीच पाच झाडं. साडेसहाला वाट मोकळी. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसता अडथळ्यांचा आणि ढासळलेल्या कडांचा ढीग. तो साडेदहापर्यंत साफ. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी 2 वाजता चिंगसला पोचले, जिथल्या मुघल सराईत जहांगीर बादशहाची आतडी पुरली आहेत. रणगाडे पोचले म्हणजे लढाईच्या दृष्टीने काम झालं होतं. राणे मात्र मागे रस्त्यावरच राहिले, कारण रणगाड्यांच्या मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या आणि त्या काही नदीच्या पात्रातून येणार नव्हत्या. रात्री 9 पर्यंत, अन्न नाही, विश्रांती नाही. 11 तारखेला सकाळी 6 ला परत. 11 वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि मग त्याच रात्री 10 पर्यंत पुढचा रस्ता. 12 एप्रिलला फौज राजौरीत शिरली.

या सगळ्या वेळा त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात आहेत, आणि म्हणूनच मी त्या इथे उतरवल्या. शौर्याच्या पदकांची मानपत्रं एरवी मला वाचवत नाहीत. त्यांत विशेषणांची इतकी गर्दी असते की मधला माणूस सापडत नाही. राण्यांच्या मानपत्रातही विशेषणं आहेतच. पण त्यांच्याखालून सतत एक घड्याळ चालत राहतं, कामावर केव्हा आला आणि केव्हा सुटला याची नोंद ठेवणारं, मुकादमाच्या वहीसारखं प्रामाणिक. चार दिवसांच्या त्या हजेरीत एक गोष्ट कुठेही सापडत नाही. या माणसाने शत्रूचा एखादा सैनिक मारला, अशी एकही ओळ त्यात नाही. झाडं आहेत, मोऱ्या आहेत, सुरुंग आहेत. आणि रस्ता आहे.

दोऱ्यांचं मात्र मानपत्रात नाही. ती गोष्ट सॅपर लोकांची, पिढी-दर-पिढी चालत आलेली. सुरुंगांच्या पट्ट्यावर वरून मशीनगनचा मारा चालू असताना राणे सगळ्यांत पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, आणि रणगाडा चालेल तसे त्याच्याखाली सरपटत पुढचे सुरुंग काढत गेले. ड्रायव्हरला ते दिसणं शक्य नव्हतं. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं. म्हणून ड्रायव्हरपर्यंत दोन दोऱ्या नेल्या होत्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल.

हे ऐकल्यापासून मी त्या ड्रायव्हरचाच विचार करत आलो आहे. त्याचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. टनावारी लोखंड त्याच्या पायाखाली, त्या लोखंडाखाली एक जिवंत, जखमी माणूस, आणि दोघांमध्ये दोरीचा एक हिसका. त्याने ते कसं सोसलं असेल? थांबायची दोरी ओढली गेली आणि आपल्याला कळलंच नाही तर? चलायची दोरी ओढली गेली असं नुसतं वाटलं तर? खालच्या माणसाचं धैर्य आपण मोजलं, त्याला नाव दिलं, पदक दिलं. वरच्या माणसाच्या हाताच्या घामाचं काय करायचं ते कुठल्याही सरकारला कधी समजणार नाही. आणि खालच्याने वरच्यावर टाकलेल्या विश्वासाचं तर नाहीच नाही. मी जेव्हा जेव्हा त्या चिखलातल्या, मशीनगनच्या कडकडाटातल्या चार हातांचा विचार करतो तेव्हा मला आमच्या एसटीतला तो अर्धा क्षण आठवतो. तो इथे केवढा लांब झाला असेल, सुटता सुटत नसेल.

26 जानेवारी 1950 ला परमवीर चक्राची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी राण्यांना ते जाहीर झालं. पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकरांनी काढलेली. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, लष्करातल्या विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्या झालेल्या, आणि इथल्या कित्येकांपेक्षा पुराणं जास्त वाचलेल्या. ब्राँझच्या त्या छोट्याशा वर्तुळात त्यांनी इंद्राचं वज्र चारदा मांडलं. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली तेव्हा जे घडलं ते वज्र. आमच्या चंदनसारहून जाणारी एसटी ज्या वज्रेश्वरीला पोचते तिच्या नावातही वज्रच. आणि ते देऊळ उभं राहिलं तेही एका लढाईच्या नवसातून. वसईचा किल्ला पडावा म्हणून चिमाजी अप्पा देवीला नवस बोलले होते, आणि मे 1739 मध्ये किल्ला शेवटी पडला तो बुरुजांखाली लावलेल्या सुरुंगांनी. त्यांतले काही वेळेवर उडाले नाहीत, उशिरा उडाले, आणि आपलीच पुढे धावलेली माणसं घेऊन गेले. सुरुंगाशी काम करणाऱ्याची जोखीम या मुलखाला अशी जुनी माहीत आहे. पण इतिहासाच्या पुस्तकात बुरुजावर चढणाऱ्यांची नावं येतात. खाली, काळोखात, ओल्या मातीत भुयार खणत गेलेले कोण होते?

1947-48 च्या त्या युद्धासाठी एकंदर पाच परमवीर चक्रं दिली गेली. तीन मरणोत्तर. जिवंतपणी छातीवर लावून घेणारे दोघे, शीख रेजिमेंटचे करम सिंग आणि आपले राणे. आजवरच्या एकवीस परमवीरांतले चौदा मरणोत्तर आहेत. आणि मला वाटतं, गेलेल्या वीराचं काय करायचं ते आपल्याला बरोबर कळतं. पुतळा, चौक, शाळेत फोटो, वर्षातून एकदा हार. जिवंत परत आलेल्याचं काय करायचं ते मात्र कळत नाही. तो तर रोज सकाळी उठतो, दाढी करतो, रेशनच्या रांगेत उभा राहतो, त्याचे गुडघे दुखतात, तो पोरांवर चिडतो. राणे त्या चार दिवसांनंतर आणखी सेहेचाळीस वर्षं जगले. लग्न झालं, मुलं झाली, नोकरी चालू राहिली. 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाच वेळा युद्धवृत्तांत नावाचा गौरवाने उल्लेख. 11 जुलै 1994 ला पुण्यात, लष्करी रुग्णालयात, वयाच्या शहात्तराव्या वर्षी गेले.

ती सेहेचाळीस वर्षं कशी होती? मानपत्र त्यांबद्दल गप्प आहे, आणि ते योग्यच आहे. पण मला तीच जास्त खुणावतात. चार दिवस तिरकी सळई धरून मातीशी बोललेला माणूस पुढे आयुष्यभर जमिनीवर पाऊल कसं टाकत असेल? आमचे सॅपर आजोबा चंदनसारच्या डांबरी रस्त्यावरूनही जरा खाली बघतच चालायचे. पैसे सापडतात का म्हणून बघतात, असं आम्ही पोरं चेष्टेने म्हणायचो. नव्याने बुजवलेला खड्डा दिसला की ते त्याला वळसा घालत. कधीही, कुठल्याही घाईत, त्याच्यावर पाय देत नसत. बुजवलेली माती त्यांना आवडत नसे. ती कुणी बुजवली, केव्हा, कशासाठी, हे कळल्याशिवाय. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘सवय.’’ आणि पुढे चालू लागले.

भारतीय नौवहन महामंडळाने 1980 च्या दशकात आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली, त्यांत एक जहाज राण्यांच्या नावाचं होतं. गंमत वाटते मला या गोष्टीची. पुण्यात राणे स्वतः आहेत, बाजारात जाताहेत, आणि त्याच वेळी त्यांच्या नावाचं एक अगडबंब जहाज आखातातून तेल भरून येतंय. समुद्रकाठच्या चेंडियाच्या पोराला ते नक्की आवडलं असणार. 23 जानेवारी 2023 ला अंदमान-निकोबारच्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावं दिली गेली, तेव्हा एक बेटही त्यांच्या वाट्याला आलं. आणि कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, निवृत्त युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी, त्यांचा पुतळा आहे. 2006 मध्ये बसवलेला. समोर अरबी समुद्र, मागून गाड्या भरधाव जाणारा हमरस्ता.

बेट ठीक. जहाज ठीक. पण मला विचाराल तर राण्यांचं नाव एखाद्या रस्त्यालाच शोभतं. तोही उड्डाणपूल, द्रुतगती मार्ग असा फीत कापून सुरू झालेला नको. एखादा घाटरस्ता, दरडी कोसळून दर पावसाळ्यात बंद पडणारा आणि कुणीतरी भर पावसात येऊन मोकळा करणारा. आमच्या चंदनसारच्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्डे पडतात, रात्री अकरा-बाराला बॅटरीच्या उजेडात चार माणसं डांबर-खडी टाकत असतात, आणि त्यांच्या बाजूने गाड्या हॉर्न वाजवत जात असतात. त्या चार माणसांना वीर म्हणायचा आगाऊपणा मी करणार नाही. त्यांच्यावर कुणी मशीनगन रोखलेली नाही. पण दुसऱ्यांना जाता यावं म्हणून आपण खाली वाकून राहायचं, आणि ते निघून गेले की त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी तसंच वाकून राहायचं, हे काम तेच आहे. राण्यांनी ते गोळ्यांच्या पावसात, जखमी अंगाने, चार दिवस केलं.

सॅपर आजोबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची खोली, चाळ, नळ, सगळ्या जागेवर इमारत आली. त्यांच्याकडे राणेसाहेबांचा एकही फोटो नव्हता. राण्यांना त्यांनी खडकीत एका समारंभात लांबून पाहिलं होतं, तेवढंच. ‘‘कसे होते दिसायला?’’ मी विचारलं होतं. आजोबांनी बराच वेळ विचार केला. ‘‘आपल्यासारखेच,’’ म्हणाले.

तुम्ही कधी गोव्याहून खाली कारवारकडे उतरलात तर त्या पुतळ्यापाशी थोडं थांबा. फोटो काढा, हरकत नाही. पण जाण्याआधी राण्यांचं मानपत्र शोधून ठेवा. ते सहज मिळतं, पानभरच आहे. तिथे उभं राहून ते एकदा मोठ्याने वाचा, बरोबर मुलं असतील तर त्यांना वाचायला लावा. विशेषणं गाळलीत तरी चालेल. वेळा मात्र एकही गाळू नका.